वाचून दाखवले, बरोबर आहे

‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’

हे वाक्य मी जितक्या वेळा टाईप केलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल. मी उपनगरातल्या एका फौजदारी कोर्टात लघुलेखक आहे. कोणतं कोर्ट ते सांगत नाही, कारण निवृत्त होईपर्यंत मला तिथेच बसायचंय. लघुलेखक म्हटलं की लोकांना काहीही वाटतं. माझ्या चुलत सासूबाई बरीच वर्षं मला विचारायच्या, ‘तुझी एखादी गोष्ट छापून आली का गं?’

काम साधं आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून त्याच्या भाषेत सांगतो, न्यायाधीश ते ऐकून कोर्टाच्या भाषेत मला सांगतात आणि मी ते कॉम्प्युटरवर उतरवते. साक्षीदार म्हणतो, ‘त्यानं माझी पार वाट लावली साहेब,’ आणि कागदावर येतं, ‘आरोपीच्या कृत्यामुळे मला अतोनात त्रास झाला.’ मग समोरचा वकील उलटतपास घेतो. त्यात तो शेवटी, खटला पाकीटमारीचा असो की सवतीच्या भांडणाचा, एक प्रश्न हमखास विचारतो: तुम्ही खोटी साक्ष देताय ना? साक्षीदार ‘नाही’ म्हणतो. म्हणणारच. शपथ घेऊन उभा राहिलेला माणूस ‘होय, खोटं बोलतोय’ असं कशाला सांगेल? सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगी कशी आहे’ असं मुलीच्या आईला विचारण्यासारखंच ते.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. कॉम्प्युटरवर ‘खोसा’ एवढी दोन अक्षरं लिहून बटण दाबलं, की वरचं अख्खं वाक्य पूर्णविरामासकट उमटायचं. वकिलाने कोटाची बटणं सारखी करायला घेतली की माझं बोट बटणावर गेलेलं असायचं. त्याचा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत उत्तर कागदावर. मला या युक्तीचा इतका अभिमान होता, की शेजारच्या दोन कोर्टांतल्या मुलींना मी ती शिकवली होती, आणि त्यांनी मला त्याबद्दल वडापाव दिला होता.

साक्ष संपली की प्रिंटरमधून कागद येतो. त्याच्या तळाशी लिहिलेलंच असतं: ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ म्हणजे कायद्याप्रमाणे ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. पण बाहेर बोर्डावर खटल्यांची ही लांबलचक यादी, जिन्यापर्यंत पक्षकार, न्यायाधीश मॅडमना जेवायला वेळ नाही, वाचतंय कोण! मी कागद पुढे करते, सहीच्या जागी बोट ठेवते आणि म्हणते, ‘इथे.’ एक दिवस सोडला तर अठरा वर्षांत माझं कोर्टातलं एकूण भाषण एवढंच. घरी मी जे बोलते ते या उपासामुळे, असं नवऱ्याचं मत आहे. नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीच्या बाईंनी मला बजावलं होतं, ‘कोर्टात काहीही होऊ दे, आपण तोंड उघडायचं नाही. छत कोसळलं तरी साहेबांनी “छत कोसळले” असं सांगितल्यावरच लिहायचं.’

तर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मासळीचा खटला आला.

आरोपी होती खारदांड्याची एक कोळीण. पन्नाशीची, अंगाने दणदणीत, केसांत अबोलीचा गजरा, आणि पिंजऱ्यात अशी उभी राहायची की पिंजरा तिच्या मालकीचा वाटावा. अंधेरीतल्या एका सोसायटीच्या गेटाबाहेर ती मासळी विकायची. तिच्या आधी तिची सासू त्याच जागी बसायची, तेव्हा सोसायटीही नव्हती. फिर्यादी होता त्या सोसायटीचा सेक्रेटरी, कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याला तिथे मासळी नको होती, गाडी लावायला जागा हवी होती. त्यावरून एका सकाळी वाजलं आणि तिने त्याच्या डोक्यात मासा हाणला, अशी फिर्याद होती.

मासा पोलिसांनी रीतसर जप्त केला होता. त्याचा पंचनामा मी पाठ करून ठेवला आहे, उदास वाटलं की आठवते. ‘एक मासा, लांबी अंदाजे दीड हात, रंग चंदेरी, मृतावस्थेत, डोळे उघडे.’ पुढे, मुद्देमाल नाशवंत असल्याने त्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावण्यात आली. आरोपीच्या वकिलाने हवालदाराला विचारलं, ‘विल्हेवाट म्हणजे नक्की काय केलंत?’ हवालदार म्हणाला, ‘नियमाप्रमाणे केली.’ वकील म्हणाला, ‘रवा लावून की नुसतीच?’ सरकारी वकिलांनी हरकत घेतली, मॅडमनी हरकत मान्य केली आणि हवालदार कानापर्यंत लाल झाला.

आमच्या मॅडम लातूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या, तरुण आणि शुद्ध शाकाहारी. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, ‘हा मासा म्हणजे नेमका कोणता?’ झालं. पट्टेवाला वेंगुर्ल्याचा, सरकारी वकील मालवणचे, बेंच क्लार्क अलिबागचा. तिघेही एकदम बोलायला लागले. दीड हात म्हणजे सुरमईच, नाही हो, रावसही असू शकतो, चंदेरी म्हटलंय ना मग घोळ कशी असेल. मॅडम टेनिसचा सामना बघावा तशी मान वळवत होत्या. तेवढ्यात पिंजऱ्यातून आरोपीच ओरडली, ‘सुरमयच व्हती ती! माझ्याच टोपलीतून उचलून नेली. पन मॅडम, सुरमयनी कोन मारतो? डोस्का फिरलाय काय माझा? सुरमय काय मारायला असते?’

‘तुम्ही गप्प राहा,’ मॅडम म्हणाल्या. तिचा वकील तर तिला हात जोडूनच विनवत होता.

हसायला सगळ्यांना आलं होतं, पण तिच्यासाठी तो खटला हसण्यासारखा नव्हता. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली होती आणि तिला दिवस गेले होते. आधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. या वेळी मुलीने फोनवर रडून सांगितलं होतं, आई, तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पाय ठेवणार नाही. बाईकडे पासपोर्ट नव्हता. डोक्यावर फौजदारी खटला असला तर पासपोर्टासाठी कोर्टाची परवानगी लागते. तिच्या वकिलाने तसा अर्ज दिला होता, पण त्यावर सरकारी पक्षाचं म्हणणं यायचं होतं, आणि म्हणणं येईपर्यंत मूल शाळेत जायला लागतं. म्हणजे तिची खटल्यातून सुटका व्हायला हवी होती, आणि तीही वेळेत.

प्रत्येक तारखेला ती माझ्या टेबलाशी येऊन वाकायची. ‘बाय, आज व्हनार का गो?’ मी मानेनेच ‘माहीत नाही’ म्हणायचे. मुलीच्या चौथ्या महिन्यात मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. पाचव्यात डॉक्टरची साक्ष झाली. जखम नाही, पण कपड्यांना वास येत होता, असं त्याने दाखल्यात लिहिलं होतं. सहाव्यात सेक्रेटरीची साक्ष झाली. त्याने मासा उजव्या कानावर बसल्याचं सांगितलं. फिर्यादीत डावा होता. तरी तो ठासून बोलला, आणि शिकलेला माणूस ठासून बोलला की कागदावरही ठासूनच उतरतो. आता एकच साक्षीदार उरला होता, प्रत्यक्षदर्शी. सगळं त्याच्यावर होतं. मुलीला सातवा सरत आला होता.

प्रत्यक्षदर्शी म्हणजे सोसायटीचा वॉचमन. कुडाळकडचा, कानांवर पांढरे केस, धुऊन धुऊन विरलेला गणवेश. अकरा वर्षं तो त्या गेटावर होता आणि राहायचा तिथेच, पंपाच्या खोलीत. सेक्रेटरी त्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता आणि मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता.

बेंच क्लार्कने त्याला शपथ दिली. आमच्याकडे शपथ फार वेगात देतात; देवाला स्मरून खरे सांगेन खोटे सांगणार नाही हे सगळं एका श्वासात. वॉचमन मात्र थांबला. त्याने चपला काढल्या, डोळे मिटले, आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. माझा जीव वर-खाली होत होता. मला हळू बोलणाऱ्या माणसांचा राग येतो, बोटं आखडतात.

नंतर तो घडाघडा बोलला. ‘सदर दिवशी सकाळी सुमारे नऊ वाजता मी गेटावर हजर असताना...’ असं. ज्या माणसाच्या बोलण्यात ‘सुमारे’ येतं त्याला कोणीतरी शिकवून आणलेलं असतं, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मॅडमना फार काही बदलून सांगावं लागलं नाही. आरोपी मासा घेऊन धावली, साहेबांच्या डोक्यात मारला, मी सोडवलं. पिंजऱ्यात ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

उलटतपास सुरू झाला. आरोपीचा वकील त्या दिवशी आणखी तीन कोर्टांत हवा होता. तो भराभर विचारत गेला. साहेबांनीच तुम्हाला नोकरीला ठेवलं? हो. साहेब सांगतील ते तुम्ही ऐकता? हो. मासा तुम्ही हातात घेऊन पाहिलात? नाही. मग त्याने कोटाचं मधलं बटण लावायला घेतलं. मी ‘खोसा’ लिहून बटण दाबलं.

‘तुम्ही तुमच्या साहेबांच्या सांगण्यावरून इथे खोटी साक्ष देताय,’ वकील फाईल बंद करत म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता दाराकडे वळला.

मॅडमनी पुढची फाईल उघडली होती. ‘खरे नाही,’ त्या मला म्हणाल्या. मी ‘साहेबांच्या सांगण्यावरून’ हे शब्द मध्ये घातले. पट्टेवाल्याने पुढचा पुकारा सुरू केला.

आणि वॉचमन म्हणाला, ‘व्हय.’

हळूच म्हणाला. देवळात आपण आपल्याशी काही पुटपुटतो तसं. पण माझं टेबल साक्षीदाराच्या पिंजऱ्याला चिकटून आहे आणि माझं माहेर कणकवलीचं आहे. मी मान वर करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलाच्या असतो तसा, सुटल्याचा भाव होता. त्याला वाटत होतं, आपण सांगितलं, यांनी लिहिलं, झालं.

कागद प्रिंटरमधून बाहेर आला. शेवटची ओळ त्यावर स्वच्छ छापली होती आणि ती धडधडीत खोटी होती.

मी कागद हातात घेऊन उभी राहिले. मला मॅडमना सांगता आलं असतं का? आलं असतं. पण काय सांगणार? की मॅडम, तुम्ही उत्तर ऐकलं नाहीत आणि मी ते प्रश्नाआधीच लिहिलं होतं? पुढचा साक्षीदार पिंजऱ्याशी येऊन उभा राहिला होता. वॉचमनने खिशातून पेन काढलं. एरवी माझं बोट आतापर्यंत सहीच्या जागेवर टेकलं असतं. नजर खाली गेली तर त्या जागेच्या वरच लिहिलं होतं, ‘वाचून दाखवले’. सोळा वर्षांत मी ते पहिल्यांदा नीट वाचलं.

मग मी वाचायलाच लागले. मोठ्याने.

आवाज लावायची सवय नसल्यामुळे तो भलताच वर लागला. ‘माझे वय बावन्न वर्षे, मी सदर सोसायटीत सुरक्षारक्षक म्हणून नोकरीस आहे!’ पट्टेवाल्याने दचकून ‘शांतताऽऽ’ अशी आरोळी दिली. ती त्याने मला दिली आहे हे लक्षात आल्यावर तो स्वतःच शांत झाला. वकिलांच्या टेबलावरची कुजबुज थांबली. दारापर्यंत गेलेला आरोपीचा वकील मागे वळून बघायला लागला. मॅडमनी चष्म्यावरून विचारलं, ‘काय झालं?’

‘साक्ष वाचून दाखवतेय, मॅडम.’

‘कोणाला?’

‘साक्षीदाराला.’

‘का?’ हे सरकारी वकिलांनी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं.

मी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मॅडम नवीन होत्या, तरुण होत्या, आणि हे वाक्य कायद्यात का आहे ते त्यांना पाठ होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. ‘वाचा,’ त्या म्हणाल्या. मग हळू म्हणाल्या, ‘थोडं बेतानं वाचा.’

बेतानं जमत नव्हतं. माझ्या आवाजात शाळेतला कवितेचा तास शिरला होता. वॉचमन मात्र खूश होता. त्याने पेन खिशात ठेवून हात जोडले आणि पोथी ऐकावी तसा ऐकत राहिला. त्याचं नाव, गाव, नोकरी, गेट, सगळं असं कोणी त्याला खड्या आवाजात कधी वाचून दाखवलं नसेल. प्रत्येक वाक्याला तो मान डोलवत होता. मी शेवटच्या ओळीशी आले आणि हळू झाले.

‘मी... साहेबांच्या सांगण्यावरून... खोटी साक्ष देत आहे... हे म्हणणे खरे नाही.’

त्याची मान थांबली. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे पाहिलं. सेक्रेटरीने हाताची घडी सोडली होती.

‘बरोबर आहे ना?’ मॅडमनी विचारलं.

त्याने खिशातलं पेन पुन्हा काढलं. मला वाटलं, संपलं. आता हा मान हलवील, सही करील आणि मी आयुष्यभर ही ओळ उशाशी घेऊन झोपेन. पिंजऱ्यात कोळणीने गज दोन्ही हातांनी धरले होते.

‘नाय मॅडम,’ तो म्हणाला. ‘मी व्हय म्हटलंय.’

‘कशाला होय म्हणालात?’

‘वकिलांनी विचारल्यानी, खोटा सांगतंस काय. मी म्हटलं, व्हय.’ मग एकदा बांध फुटल्यावर तो थांबेना. ‘मी थंय नव्हतंयच. मी च्या आणूक गेललंय नाक्यावर. इलंय तेव्हा साहेब डोक्याक रुमाल लावन उभे. माका त्यांनी सांगितल्यानी, असा असा सांग. पण देवाची शपथ घातल्यात तुमी. आता देवाक काय सांगू?’

पुढचा अर्धा तास कोर्टात काय गोंधळ झाला ते मी नीट सांगू शकणार नाही, कारण मी तो टाईप करत होते. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि त्याला उलटेसुलटे प्रश्न विचारले. तो प्रत्येक वेळी चहापाशी येऊन थांबला. चहा कुठला, किती कटिंग, टपरीवाला कोण, सगळं त्याला ठाऊक होतं. आरोपीचा वकील घाईघाईने परत येऊन, हे सगळं आपल्याच कौशल्याने घडलं असावं अशा चेहऱ्याने उभा राहिला. शेवटी त्याने एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं. त्याच्या वकिलीतला हा सर्वांत शहाणा निर्णय. मी नवा कागद छापला, पुन्हा सगळा वाचला, आणि वॉचमनने शब्द न् शब्द ऐकून सही केली. मागचा बाक तोपर्यंत रिकामा झाला होता.

मॅडमनी मला चेंबरमध्ये बोलावलं. मी ‘खोसा’ची सगळी हकीकत सांगून टाकली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाल्या, ‘आणि मी पुढची फाईल उघडली होती.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी मी ती दोन अक्षरं कॉम्प्युटरमधून काढून टाकली, आणि शेजारच्या दोन्ही मुलींनाही काढायला लावली. त्या वैतागल्या. एकीने तर वडापाव परत मागितला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. आरोपी निर्दोष. ‘निर्दोष’ हा शब्द टाईप करताना मला इतका आनंद झाला की मी तो दोनदा तपासून बघितला. मुलीला आठवा लागून आठवडा झाला होता.

व्हरांड्यात कोळीण माझी वाटच बघत होती. तिने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना पदर लावला, आणि मग आजूबाजूला बघून माझ्या कानाशी आली.

‘बाय, तुला म्हनून सांगतंय. मारला व्हता मी त्याला.’

‘काय?’

‘मारला ना! फटकन मारला. माझ्या पोरीचा तिसऱ्यांदा तरी नीट होऊ दे म्हनून मी देवीला नारल ठेवला व्हता टोपलीत. तो म्हनला, हा कचरा उचल, आनि लाथ घातली नारलाला. मग हातात आला त्यानी हानला.’ तिला आता हसू फुटलं. ‘पन बांगडा व्हता गो! एक बांगडा. त्या हवालदारानं बांगडा ठेवला तिथंच आनि सुरमय नेली पुरावा म्हनून.’

मी तिथेच भिंतीला टेकले. म्हणजे वॉचमन खोटं बोलत होता, सेक्रेटरी खरं बोलत होता, निकाल बरोबर होता, आणि मासा चुकीचा होता. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात मावण्यासारखं नव्हतं. नारळाला लाथ घालणाऱ्याला बांगडा कमीच पडला असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ‘हे मी ऐकलेलं नाही,’ मी तिला म्हणाले.

‘गेटावर ये मासली न्यायला,’ ती म्हणाली. ‘पासपोर्ट झाला की मी नसंन, पन जागेवर मानूस ठेवून जाईन. जागा मोकली सोडली की गेली.’

तीन महिन्यांनी, एका रविवारी, मी गेले. तिच्या जागेवर पाटावर वॉचमन बसला होता. गणवेशाचीच पँट, वर बनियन, पुढे विळी, मांडीवर प्लास्टिक. पुरुष मासळी विकायला बसलेला बघून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसत होत्या. मलाही आधी हसूच आलं. मागे सोसायटीचं गेट होतं आणि गेटावर नवा वॉचमन उभा होता.

‘बाई, तुमी!’ तो धडपडत उठला. ‘बसा बसा. काय देवू?’

मला वाटलं होतं, तो माझे आभार मानेल. खरं सांगते, मी त्यासाठीच गेले होते. मासे आमच्या दाराशीही मिळतात. मी विचारलं, ‘नोकरी सोडलीत वाटतं?’

‘सोडूक खंय? त्याच दिवशी सामान भायर टाकल्यानी. पंपाच्या खोलीक दुसरा कुलूप.’ तो बांगड्यांवर पाणी मारत होता. आवाजात तक्रार नव्हती. ‘आता खारदांड्याक ऱ्हवतंय, ह्या कोळणीच्या माळ्यार. गावाक अजून कळवूक नाय. पोरगो बारावीक आसा.’ मग पाणी मारायचं थांबवून म्हणाला, ‘बाई, एक सांगू? रागावचा नाय. मी तेव्हा हळू बोललंय, ता मुद्दामच. मॅडमांका गेला, देवाक गेला, कागदार इला, की झाला. मागे साहेब बसलले ना. तेंका ऐकाक येव नये म्हणान हळू. आणि तुमी...’

आणि मी ते अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं होतं. कवितेसारखं. त्याला दुसऱ्यांदा, मोठ्याने, सेक्रेटरीच्या तोंडावर बोलायला लावलं होतं.

इतके दिवस मी ती गोष्ट घरी, माहेरी, डब्याच्या सुट्टीत रंगवून सांगत होते, आणि प्रत्येक वेळी त्यात मी थोडी उंच होत होते. त्यात त्याच्या पंपाच्या खोलीचा विचार एकदाही आला नव्हता. ‘चुकलं माझं,’ मी म्हणाले. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि ते लपवताही आलं नाही.

‘नाय ओ,’ तो घाबरून म्हणाला. ‘तुमी वाचलास म्हणान ती वेळेर पोचली. ह्यां बघा.’ त्याने ओला हात पँटीला पुसून मोबाईल काढला. फोटोत कोळीण होती, मस्कतच्या कुठल्यातरी पांढऱ्या स्वच्छ खोलीत, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं इवलंसं बाळ. अबोलीचा गजरा तिथे कुठून मिळवला होता कोण जाणे. ती फोटो काढणाऱ्याकडे बघतच नव्हती. ‘चेडू झाला,’ तो म्हणाला, स्वतःची नात असावी तसा. ‘दोगांय बरी आसत.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला ते दिसू नये म्हणून मी टोपलीवर वाकले. शेजारी एक बाई छानशी सुरमई हातात धरून, उलटीपालटी करून, घ्यायची की नाही ते ठरवत होती.

‘मलाही अशीच एक द्या,’ मी म्हणाले. ‘मोठी बघून द्या. भाव करणार नाही.’

‘सुरमय नको घेव, बाई,’ तो म्हणाला, आणि या खेपेला चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला. ‘कालची आसा.’

त्या बाईने हातातली सुरमई खाली ठेवली, हात झटकले आणि निघून गेली.